बाबांच्या रुपयाची परीक्षा

काळजी करायला मला कारण लागत नाही, असं माझा नवरा म्हणतो. कोलशेतच्या आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टनं खाली उतरून, गॅस बंद केला की नाही ते बघायला पुन्हा वर जाणारी मी एकटीच असेन. त्यामुळे बाबांच्या रुपयापायी माझी झोप उडाली तेव्हा घरात कुणी ते फारसं मनावर घेतलं नाही. पण त्या वेळी कारण खरोखरचं होतं.

आईबाबा डोंबिवलीला राहतात. बाबा आयुष्यभर कोलशेतच्याच एका रंगाच्या कारखान्यात होते. गिऱ्हाइकानं पाठवलेल्या नमुन्याशी रंगाची छटा जुळली की नाही हे ठरवणं त्यांचं काम. पुढे तिथे यंत्र आलं, तरी यंत्राचं आणि बाबांचं पटलं नाही तर साहेब बाबांचं ऐकायचे, असं बाबा सांगतात. आई म्हणते, साहेबसुद्धा घाबरून ऐकत असतील. कारखाना गेला, त्या बाजूला टॉवर उभे राहिले, त्यातल्याच एकात आता मी राहते. बाबांची नजर मात्र निवृत्तीनंतर नाण्यांकडे वळली.

डोंबिवलीत एका वाचनालयाच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी नाणी जमवणारी मंडळी जमतात. कुणाकडे शंकेचं नाणं आलं की ते फिरत फिरत बाबांच्या हातात यायचं. बाबा खिडकीकडे वळायचे, नाणं तिरकं धरायचे, सावकाश फिरवायचे आणि म्हणायचे, "ओतीव आहे, खोटं," किंवा, "चांगलं आहे, ठेव." त्यापुढे वाद नसायचा. त्या हॉलमध्ये बाबांना जो मान होता तो आमच्या सबंध खानदानात कुणाला कुठे मिळाला नसेल, आणि बाबांना तो किती प्रिय होता हे मला आणि आईला पक्कं ठाऊक होतं.

त्यांच्या संग्रहातलं सगळ्यात लाडकं नाणं म्हणजे एक राणीछाप रुपया. त्या सालचे, त्या टांकसाळीचे फार थोडे उरलेत म्हणे. खडवलीच्या एका घरातून तो त्यांना मिळाला. त्या घरातल्या बाईंनी बाकीच्या रुपयांना कड्या जोडून गळ्यातली माळ करून घेतली होती. हा एक गाडग्याच्या तळाशी राहून गेला म्हणून वाचला. कुणी फारसा हाताळला नसल्यामुळे टांकसाळीतून निघतानाची मूळ चमक त्याच्यावर शाबूत होती, आणि कडेनं एक निळसर धुरकट झाक चढली होती, पारव्याच्या मानेवर असते तशी. ती झाक म्हणजेच खरा दागिना, असं बाबा सांगायचे. ती यायला शंभर वर्षं लागतात आणि जायला एक ओलं फडकं पुरतं.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी मी त्यांना हॉलवर सोडायला गेले आणि थांबले. बाबांनी तो रुपया बरोबर आणला होता. एक पस्तिशीचा गृहस्थ, हल्लीच यायला लागलेला, त्यानं तो हातात घेतला, मोबाइलचा टॉर्च मारला आणि म्हणाला, "काका, मस्त आहे. पण स्लॅब का नाय केला? आजकल रॉ कॉइनवर कोण भरवसा ठेवतो?" मग जरा थांबून, "आणि हे जरा जास्तच चमकतंय ना?"

स्लॅब म्हणजे प्लॅस्टिकची सीलबंद डबी. नाणं एखाद्या ग्रेडिंग कंपनीकडे पाठवायचं. तिथले जाणकार ते अस्सल आहे का बघतात, सत्तरपैकी मार्क देतात आणि मार्कांची चिठ्ठी आत घालून डबी कायमची बंद करून टाकतात. नाण्याला काही दुखापत असली, म्हणजे भोक, ओरखडे, कडीची खूण किंवा घासपूस, तर मार्क मिळतच नाहीत. चिठ्ठीवर नुसतं 'अस्सल' लिहितात आणि पुढे दोष काय ते छापतात. हॉलमधली नवी मंडळी अशा डबीशिवाय कशालाही नाणं म्हणायला तयार नव्हती. बाबा आजवर या प्रकाराला हसायचे. त्या दिवशी हसले नाहीत. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "पाठव. कुठे पाठवायचं ते बघ, आणि पाठव."

पाठवण्याआधी फोटो काढून ठेवावेत असं सगळीकडे लिहिलेलं होतं. पुढच्या शनिवारी मी डोंबिवलीला गेले, टेबलावर पांढरा कागद पसरला, दिवा ओढून घेतला आणि फोटो काढले. मोठा करून बघितला तेव्हा आधी वाटलं माझा मोबाइलच बिघडलाय. निळसर झाक नव्हती. रुपया कडेपासून कडेपर्यंत पांढराफटक होता, भांड्याच्या दुकानातल्या नव्या वाटीसारखा. राणीच्या गालावर बारीक बारीक रेघा होत्या, सगळ्या एकाच दिशेनं गेलेल्या. माझ्याकडे त्याच रुपयाचा जुना फोटो होता, बाबांच्या वाढदिवसाला काढलेला. दोन्ही शेजारी शेजारी लावून बघितले. रुपया तोच होता, राणीच्या मुकुटाजवळचा इवलासा खड्डा दोन्हीकडे होता. कुणीतरी तो घासला होता.

बाबा समोरच बसून होते. "कसा येतोय फोटो?" त्यांनी विचारलं.

"छान येतोय," मी म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले.

आई भाजी निवडत होती. मी हळूच विचारलं, "आई, लक्ष्मीपूजनाला या वेळी कुठला रुपया ठेवला होतास?"

"ह्यांनी काढून दिला तो. दरवर्षी देतात तसा."

आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला चांदीचा रुपया लागतो. त्यासाठी बाबांनी एक वेगळा ठेवलेला आहे, तोही राणीछापच, पण साधा, झिजलेला. कपाटाला कुलूप, किल्ली बाबांच्या कमरेला, त्यामुळे तो तेच काढून देतात. आई तो रांगोळीनं लख्ख घासते, तांदळाच्या राशीवर ठेवते, हळदकुंकू वाहते. दुसऱ्या दिवशी धुऊन पुसून परत. बाबा तो पुन्हा त्याच्या पाकिटात घालतात. माझ्या जन्माच्या आधीपासून हे असंच चालू आहे. दोन्ही रुपये एकाच खणात असतात, एकसारख्या पाकिटांत, वर पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं.

मी आईला मोबाइल दाखवला. तिनं तो बघितला. मग निवडलेली भाजी आणि देठं एकत्रच करून टाकली आणि पुन्हा निवडायला घेतली.

"मला काय कळतं गं त्यातलं," ती म्हणाली. "दिला, मी घासला."

"तुला नाही कुणी काही बोलत. पण बाबांनी चुकीचं पाकीट दिलंच कसं?"

आईनं माझ्याकडे बघितलं, आणि मला एकदम सगळं दिसायला लागलं. पेपर हातात धरून बाबा बसतात, पण बातम्या आई मोठ्यानं वाचते, म्हणे तिला तशीच सवय. चहाचा कप उचलण्याआधी त्यांची बोटं टेबलावर कप शोधतात. जिना उतरताना हात कठड्यावरून सुटत नाही. प्रत्येक वेळी मी विचारलं होतं आणि प्रत्येक वेळी उत्तर मिळालं होतं की चष्म्याचा नंबर बदललाय.

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला म्हणून मी किती वेळा सांगितलं," आई म्हणाली. "अंगावर येतात नुसते. माझी नजर मला माहीत आहे म्हणतात."

डोळ्याच्या मागच्या पडद्याचं काही दुखणं असेल तर उशीर महागात पडतो, गेलेली नजर परत येत नाही, फक्त उरलेली वाचवता येते, हे मी वाचलेलं होतं. मी सगळंच वाचलेलं असतं. म्हणजे बाबांना आज, आत्ता सांगायला हवं होतं. पण काय सांगायचं? की तुम्ही तुमच्याच हातानं तुमचा रुपया रांगोळीत घातलात, नंतर तो हॉलमध्ये मिरवलात, आणि तो पस्तिशीचा गृहस्थ बरोबर होता? मला धीर झाला नाही.

"चिठ्ठीत तसं आलं तर मी सांगेन, मीच न विचारता घेतला होता," आई म्हणाली. "बोलू देत मला काय बोलायचं ते. एखाद्या वेळेला जेवणार नाहीत. पण नजर गेली हे त्यांना परक्या माणसांच्या चिठ्ठीतून कळायला नको."

मग मी रुपया घेऊन घरी आले आणि ग्रेडिंग कंपन्यांची तुलना करायला बसले. लोकही तुलना करतात. कोण लवकर देतं, कोणाची डबी मजबूत, कोणाच्या मार्कांना बाजारात मान. मी वेगळंच शोधत होते. कोण दयाळू आहे ते शोधत होते.

अमेरिकेतल्या दोन मोठ्या कंपन्या होत्या. पहिली अतिशय कडक. घासलेलं नाणं तिच्या हातून सुटत नाही आणि ती ते चिठ्ठीवर स्वच्छ छापते. दुसरीही तेच करते, पण झीज किती आहे याचा अंदाज तरी शेजारी देते, म्हणजे नापास करताना मूल हुशार आहे असं म्हणणाऱ्या बाईंसारखी. आपल्याकडचीही एक होती. तिच्याबद्दल लोकांचं म्हणणं असं, की आपल्या देशातली चांदी कधी ना कधी घासली गेलेलीच असते हे तिला माहीत आहे, त्यामुळे हलक्या घासण्याकडे ती काणाडोळा करते. काहींना याचा राग होता. मला ती जवळची वाटली. आणखी एक जण डबी न देता नुसतं कार्ड द्यायचे, वर फोटो आणि अस्सल असल्याचा दाखला, बाकी एक शब्द नाही. मला तर ते कार्ड म्हणजे देव भेटल्यागत झालं.

नाणी गोळा करून या कंपन्यांकडे पाठवणारा एक एजंट माजिवड्याला बसतो. मी त्याला गाठलं आणि विचारलं, "चिठ्ठीवर अक्षरं सगळ्यात बारीक कोणाची असतात?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मॅडम, लोक विचारतात नंबर कोण जास्त देतं. बारीक अक्षरं कोण छापतं हे मी पहिल्यांदाच ऐकतोय."

"माझी आवड," मी म्हणाले.

त्यानं नाणं भिंगाखाली धरलं आणि लगेच तोंड वाकडं केलं. "हे घासलंय ना कोणीतरी? तुम्ही आपल्या इकडच्या कंपनीतच द्या. बाहेर पाठवलं तर नंबर नाय येणार, उगाच वाट बघायची."

मला हेच ऐकायचं होतं. मी घाईघाईनं बाबांना फोन लावला आणि आपल्याकडची कंपनी कशी बरी, लवकर होतं, नाणं समुद्रापलीकडे जायला नको, वाटेत गहाळ झालं तर काय, असं सगळं एका दमात सांगितलं. गहाळ होण्याची काळजी तर खरीच होती.

बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सगळ्यात कडक कोण आहे?"

मी पुन्हा लवकर होण्याचं सांगायला लागले.

"तू शोधलं असशील. कडक कोण?"

मी पहिलीचं नाव सांगितलं.

"तिथे पाठव."

"बाबा, पण ते लोक फारच..."

"तिथेच. हॉलमध्ये मी सांगून ठेवलंय."

म्हणजे आता परतीची वाटच नव्हती. दुसरीकडे पाठवून तिथलंच आहे म्हणावं, तर डबीवर कंपनीचं नाव असतं आणि हॉलमध्ये सगळ्यांना वाचता येतं. मी एजंटला पाकीट दिलं. घरी जाताना माजिवड्याच्या पुलाखाली रिक्षा अडकून पडली, आणि उतरून परत जावं, पाकीट मागून घ्यावं असं मला सारखं वाटत राहिलं. सिग्नल सुटला आणि मी गेले नाही.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. बाबा फोनवर एकच विचारायचे, "पोचलं का?" "उघडलं का?" "नंबर लागला का?" मी आईला फोन करून एकच विचारायचे, "आज जिना नीट उतरले ना?" एकदा मी डोंबिवलीच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात वेळ घेतली आणि बाबांना सांगितलं की नंबर तपासून घेऊ. ते म्हणाले, "रुपया येऊ दे, मग बघू." मी चिडले. रुपयाचा आणि डोळ्यांचा काय संबंध, असं ओरडलेसुद्धा, आणि ओरडल्यावर जीभ चावली, कारण संबंध मलाच तर माहीत होता. ती वेळ रद्द करावी लागली.

कंपनीच्या साइटवर निकाल आधी कळतो. मी ऑफिसमध्ये असताना तो बघितला. रुपया प्लॅस्टिकमध्ये बसलेला, वर चिठ्ठी, चिठ्ठीवर अस्सल असल्याचं छापलेलं आणि त्याखाली, अजिबात बारीक नसलेल्या अक्षरांत, घासलेलं. अपेक्षा हीच होती, तरी मला बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारावं लागलं. बाबांना मी सांगितलं, अजून काही कळलं नाही. डबी परत येईपर्यंत मी त्यांच्याशी फोनवर जेमतेम बोलले. आवाजावरून ओळखतील अशी धास्ती होती.

डबी आली तशी मी रजा टाकून दुपारीच डोंबिवली गाठली. बाबा गॅलरीतल्या खुर्चीत बसले होते, तिथे उजेड चांगला असतो. मी डबी त्यांच्या हातात ठेवली. आई दारात येऊन उभी राहिली.

बाबांनी डबी तिरकी केली. नेहमीसारखी, सावकाश, एकदा इकडून, एकदा तिकडून. चिठ्ठी त्यांच्या डोळ्यांसमोर होती. कडेची निळी झाक जिथे होती तिथे आता काहीच नव्हतं. कितीतरी वेळ ते फिरवत राहिले.

"बघ," ते म्हणाले. "चमक बघ कशी फिरते अजून."

मी आईकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर रडले असते.

"किती दिलेत?" बाबांनी विचारलं. "वाच. माझा चष्मा आत राहिलाय."

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

खोटं बोलायची माझी तयारी होती. येताना रिक्षात मी आकडासुद्धा ठरवला होता. पण त्यांनी डबी माझ्यापुढे धरली आणि मला ते जमलं नाही. "अस्सल आहे, बाबा," मी म्हणाले. "पण मार्क दिलेले नाहीत. घासलेलं आहे असं लिहिलंय."

"मी घासला," आई दारातूनच घाईनं म्हणाली. "दिवाळीत. तुम्हाला न विचारता कपाटातून काढला. पूजेचा तो सापडेना म्हणून."

बाबांनी कमरेची किल्ली चाचपली. "तुला कुलूप उघडता तरी येतं का ते?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता.

"मीच दिला," बाबा म्हणाले. "पाकिटावरचं वाचता येईना. मग दोन्ही बाहेर काढले, उजेडात धरले. दोन्ही सारखेच दिसले गं. तू ताट घेऊन उभी होतीस. तुला विचारायची लाज वाटली, म्हणून त्यातला एक उचलून दिला. तेव्हापासून रोज वाटतंय, चुकीचा दिला की बरोबर. कुणाला विचारणार? म्हणून म्हटलं, जे आपली भीड ठेवणार नाहीत त्यांच्याकडे पाठव."

आई आत आली आणि त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसली. आजवर तिला तसं बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं. बाबांनी डबी माझ्याकडे दिली. मला त्यांच्याबद्दल माया वाटली आणि रागही आला, की या दोघांनी मिळून कितीतरी महिने घालवले होते, आणि मीही त्यांत सामील होते.

"तो डॉक्टर," बाबा म्हणाले, "उद्या बघेल का?"

"विचारते."

"आजच बघत असेल तर आजच." ते गॅलरीबाहेर, समोरच्या बिल्डिंगच्या दिशेनं बघत होते. "समोर बाई कपडे वाळत घालतेय की काढतेय, ते मला कळत नाही. मला फार भीती वाटतेय."

दोरीवर कपडे नव्हते आणि तिथे कुणी उभंही नव्हतं. मी दवाखान्यात फोन लावला.